महालनोबिस अंतर

महालनोबिस अंतर (डी-स्क्वेअर) : अनेक मापे एकत्र विचारात घेऊन दोन गट एकमेकांपासून किती दूर आहेत हे सांगणारे सांख्यिकीय माप. भारतीय सांख्यिकीचे प्रवर्तक प्रशांतचंद्र महालनोबिस (२९ जून १८९३–२८ जून १९७२) यांनी ते मानवमितीच्या गरजेतून घडवले. आज ते यंत्राच्या बिघाडापासून जीवाश्म कवटीपर्यंत सर्वत्र वापरले जात असले, तरी ते माणसांची डोकी आणि नाके मोजताना जन्मले, हे ध्यानात ठेवल्याशिवाय त्याचे मर्म कळत नाही.

स्वरूप : उंची सेंटिमीटरमध्ये, नाकाची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि वजन किलोत, अशा मापांतील फरकांची नुसती बेरीज करता येत नाही. शिवाय मापे एकमेकांशी बांधलेली असतात. उंच माणसाची बैठी उंचीही बहुधा जास्त असते, म्हणून दोन्ही फरक स्वतंत्र पुरावा म्हणून मोजले तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. डी-स्क्वेअर काढताना प्रत्येक फरक त्या मापाच्या प्रमाण विचलनाशी ताडला जातो आणि मापांमधील सहसंबंधही हिशेबात धरला जातो.

उदाहरणार्थ, दोन मापांत ०.८ इतका सहसंबंध आहे असे धरू. एक गट दुसऱ्यापेक्षा दोन्ही मापांत एकेका प्रमाण विचलनाने मोठा असेल, तर डी-स्क्वेअर सुमारे १.१ येतो. तोच गट एका मापात तितकाच मोठा आणि दुसऱ्यात तितकाच लहान असेल, तर मूल्य १० येते. सहसंबंध न पाहता केलेल्या बेरजेत दोन्ही वेळा २ हाच आकडा आला असता. जी मापे नेहमी बरोबर चालतात ती उलट दिशांना गेलेली दिसली, तर त्या फरकाला जास्त वजन द्यायचे, असा याचा सरळ अर्थ आहे.

उगम : केंब्रिजला पदार्थविज्ञान शिकलेले महालनोबिस १९१५ साली परत येताना ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे खंड सोबत घेऊन आले. त्या वाचनाला काम मिळाले ते नागपुरात. भारतीय विज्ञान परिषदेचे १९२० चे अधिवेशन तेथे भरले असताना प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक नेल्सन अॅनन्डेल यांची गाठ पडली आणि कोलकात्यातील अँग्लो-इंडियनांच्या शरीरमापांचे विश्लेषण करण्याचे काम त्यांनी महालनोबिसांकडे सोपवले. सुमारे २०० प्रौढ पुरुषांच्या उंचीवरील पहिला निबंध १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे हर्बर्ट रिझली यांनी वसाहतकाळात जमवलेल्या बंगालमधील जातींच्या मापांकडे ते वळले. बंगाली ब्राह्मण हे अन्य प्रांतांतील ब्राह्मणांपेक्षा बंगालमधल्याच इतर जातींना जवळचे आहेत, असा या अभ्यासाचा रोख होता. रिझली यांच्या छापील आकड्यांतील चुकांचा शोध घेऊन महालनोबिसांनी १९३० च्या दशकात त्यांची सुधारित आवृत्तीही दिली. दुसऱ्याने घेतलेली मापे तपासून दुरुस्त करण्याच्या या कष्टाला फारसे कोणी श्रेय देत नाही. प्रस्तुत नोंदीत ते मुद्दाम नोंदवले आहे.

गटांची तुलना करण्यासाठी त्या काळी कार्ल पिअर्सन यांचा वंशसाम्य गुणांक वापरात होता. नमुन्यात माणसे वाढली की हा गुणांकही बदलतो, हा महालनोबिसांचा आक्षेप. गटांमधील खरे अंतर हे किती माणसे मोजली यावर अवलंबून असता कामा नये, ही त्यांची भूमिका होती. या प्रश्नावर दोघांत मतभेद झाले. या अंतरावरील महालनोबिसांचा निबंध १९३० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि सहसंबंधित मापांसाठीचे व्यापक रूप १९३६ मध्ये. या अंतराच्या संभाव्यता-वितरणाचे गणित राजचंद्र बोस व समरेंद्रनाथ रॉय यांनी सोडवले. सांख्यिकीविद फिशर यांचे विवेचक फल (मापांवरून गट ओळखण्याचे सूत्र) आणि हॉटेलिंग यांचे टी-स्क्वेअर (सरासऱ्यांमधील फरकाची कसोटी) ही याच घराण्यातील मापे होत.

संयुक्त प्रांताची पाहणी : धीरेंद्रनाथ मजुमदार यांनी १९४१ साली संयुक्त प्रांतात (आजचे उत्तर प्रदेश व उत्तराखंड) घेतलेली मापे हा या पद्धतीचा एक मोठा प्रयोग. त्यात २२ जाती-जमाती होत्या, म्हणजे गटांच्या २३१ जोड्या. डोक्याच्या लांबीसाठी भुवयांमधल्या उंचवट्यावर कॅलिपरचे एक टोक टेकवायचे, दुसरे डोक्याच्या मागच्या सर्वांत दूरच्या बिंदूपर्यंत सरकवायचे आणि आकडा मिलिमीटरमध्ये लिहायचा. मग नाक, कपाळ, बैठी उंची यांचीही मापे घ्यायची. पुढची आकडेमोड संगणकाशिवाय झाली. सी. आर. राव यांनी परस्परसंबद्ध मापांचे स्वतंत्र मापांत रूपांतर करून ती आटोक्यात आणली. महालनोबिस, मजुमदार व राव यांचा अहवाल ‘संख्या’ या नियतकालिकात १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थूलमानाने ब्राह्मण एका टोकाला, आदिवासी जमाती दुसऱ्या टोकाला आणि कारागीर जाती मध्ये, असे चित्र त्यात दिसते. त्याचा ऐतिहासिक अर्थ कसा लावावा याबद्दल एकमत नाही.

मानवी उत्क्रांती : हेन्री वेलकम यांनी १९१० ते १९१४ या काळात सुदानमधील जबल मोया येथे उत्खनन केले. तेथील सांगाड्यांच्या मापांचे विश्लेषण करण्यासाठी १९४६ मध्ये राव केंब्रिजला गेले. समाजशास्त्रज्ञ रामकृष्ण मुखर्जी, राव व ट्रेव्हर यांचा ग्रंथ १९५५ मध्ये निघाला. विल्यम हॉवेल्स यांनी जगभरातील कवट्यांच्या तुलनेत हेच अंतर वापरले. जीवाश्मांबाबत अडचण मोठी असते : कवटी बहुधा एकच, तीही फुटकी, त्यामुळे बरीच मापे घेताच येत नाहीत.

मर्यादा : दोन सरासऱ्या दूर असल्या म्हणजे माणसे वेगळी होतात असे नाही. मापांचे वितरण प्रसामान्य आणि दोन्ही गटांत सारखेच पसरलेले असेल व डी-स्क्वेअर १ असेल, तर मापांवरून गट ओळखताना शंभरात सुमारे ३१ माणसे चुकीच्या गटात पडतात. पाहणीत हजारो माणसे असली की अगदी लहान अंतरही सांख्यिकीय दृष्ट्या सार्थ ठरते. ‘सार्थ’ म्हणजे ‘मोठे’ नव्हे. आणि गट कोणते हे अंतर ठरवत नाही, ते संशोधकाने आधीच ठरवलेले असतात. वंशकल्पनेवरील वादात हा मुद्दा निर्णायक आहे.

अभियांत्रिकी व इतर : गेनिची तागुची यांची दोषनिदान पद्धती, विसंगत निरीक्षणे शोधणे, सामाजिक शास्त्रांत तुलनेसाठी सारख्या व्यक्तींच्या जोड्या लावणे, अशा कामांतही हे अंतर वापरले जाते.

महाराष्ट्र : बर्लिनमध्ये मानवी कवटीच्या असममितीवर डॉक्टरेट मिळवलेल्या इरावती कर्वे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून महाराष्ट्रातील मानवमितीचे काम उभे केले. कर्वे व वि. म. दांडेकर यांचा महाराष्ट्राच्या मानवमितीवरील ग्रंथ १९५१ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. हेच दांडेकर पुढे नीळकंठ रथ यांच्यासह केलेल्या भारतीय दारिद्र्याच्या अभ्यासामुळे सर्वज्ञात झाले.

अंतर काढण्याआधी गट ठरवावे लागतात; हा मोजणीचा घटक कोणता, हा प्रश्न कर्वे यांनी जितक्या नेटाने धरला तितका क्वचितच कोणी धरला असेल. ‘ब्राह्मण’ किंवा ‘कुणबी’ हे त्यांच्या मते जातिसमूहाचे नाव. प्रत्यक्ष लग्ने जुळतात ती त्याच्या आतल्या लहान अंतर्विवाही जातीत, म्हणून मोजायची ती जात. कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह त्यांनी सारख्या दर्जाच्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण जातींची जैविक तुलना केली. ती १९६८ मध्ये ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’त प्रसिद्ध झाली. एका नावाखाली येणारे हे गट एका मूळ गटाच्या फाटाफुटीतून झाले असे गृहीत धरता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.