रूळ उखडले, फोटो उरले: आयर्लंडच्या जुन्या रेल्वेचा खजिना

डब्लिनची हार्कोर्ट स्ट्रीट लाइन १९५८ च्या अखेरीस बंद झाली. वेस्ट क्लेअर ही नॅरोगेज रेल्वे १९६१ मध्ये थांबली. मग तिथली स्टेशनं कशी दिसायची, हे आज कसं कळतं?

जेम्स ओ'डे यांनी १९३७ ते १९६६ या काळात आयर्लंडमधली इंजिनं, स्टेशनं कॅमेऱ्यात टिपली. हा संग्रह नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडमध्ये असून त्याचा कॅटलॉग ऑनलाइन पाहता येतो.

शोधताना आधी स्टेशनचं नाव टाका. फोटोवर तारीख नसेल, तर इंजिनाचा नंबर आणि पाट्या बघा. बंद झालेल्या मार्गावर गाडी धावताना दिसली, तर फोटो बहुधा त्याआधीचा.

हार्कोर्ट लाइनच्या काही भागावर २००४ पासून लुआस ट्राम धावते. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून बघाच!