कर्ज कोणी काढलं, फेडलं कोणी?

सरकारचं कर्ज, शहराचा विकास असले शब्द कानावर आले की आपली पोरं म्हणतात, ‘हे साहेब लोकांचं काम, आपल्याला काय त्याचं?’ असं म्हणू नका. बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कला होते आणि तिथे त्यांनी सरकारी तिजोरीचाच अभ्यास केला. त्याच न्यूयॉर्कचा हा हिशोब.

1930 नंतर अमेरिकेत घरकर्जासाठी शहरांचे नकाशे काढले. काळ्यांच्या वस्तीवर लाल रंग. लाल म्हणजे कर्ज नाही. गावकूसच ते, फक्त कागदावर! गोऱ्यांना मात्र शहराबाहेर नवी घरं घ्यायला सरकारची हमी. 1948 पासून रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्याने ब्राँक्स चिरून हमरस्ता नेला. एकाच मैलात सुमारे 1500 बिऱ्हाडं उठवली. याचं नाव विकास! पैसेवाले गेले, कारखाने गेले. मागं राहिले गरीब काळे आणि पोर्टो रिकन.

कर आटला. नगरपालिकेने कर्ज काढलं, रोजचा खर्चही भांडवली खात्यात दडवला. बँका रोखे विकून कमावत होत्या. 1975 पर्यंत बोजा सुमारे 14 अब्ज डॉलरवर गेला, तेव्हा त्याच बँकांनी हात आखडला.

आणि घोडं अडलं. महापौर बीम गव्हर्नर केरीच्या दारात, केरी वॉशिंग्टनच्या दारात. सप्टेंबरात शहराच्या तिजोरीवर नियंत्रण मंडळ बसलं. त्यात तीन जण उद्योगपती, कोणी निवडून न दिलेले. ऑक्टोबरात दिवाळं वाचवलं ते शिक्षकांच्या पेन्शन फंडाने, 15 कोटी डॉलरचे रोखे घेऊन. 29 ऑक्टोबरला अध्यक्ष फोर्ड म्हणाले, मदतीचा कायदा आला तर नकाराधिकार वापरीन. नोव्हेंबरअखेर तेच वर्षाला 2.3 अब्जांपर्यंत कर्ज द्यायला राजी झाले. पण व्याजाने, आणि शहराने कपात नि करवाढ कबूल केल्यावर.

कपात कुठं झाली ते बघा. शहराच्या कॉलेजात 1847 पासून फी नव्हती. 1969 साली काळ्या आणि पोर्टो रिकन विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेज बंद पाडलं, 1970 ला दारं सगळ्यांना उघडली. 1976 ला फी बसली! 129 वर्षं परवडलं, आपल्यासारखी पोरं बाकावर बसली आणि सहा वर्षांत परवडेना. हा योगायोग म्हणायचा?

आगीचे बंब कमी केले आणि ब्राँक्स जळत राहिलं. घरबांधणी खात्याचे प्रमुख रॉजर स्टार यांनी 1976 साली उघड मांडलं: मरणाऱ्या वस्त्यांच्या सोयी काढा, वस्ती आपोआप आटेल. 1970 ला ब्राँक्समध्ये 14.7 लाख माणसं होती. 1980 ला 11.7 लाख उरली.

पण सगळे गप्प बसले नाहीत. दक्षिण ब्राँक्समधलं होस्टोस कॉलेज मोडीत काढायचं ठरलं, तेव्हा पोरांनी 1976 साली इमारतच ताब्यात घेतली. आईबाप, मास्तर रस्त्यावर आले. कॉलेज वाचलं. आजही ते चालू आहे.

1972 साली आपण ब्लॅक पँथरचं नाव उचललं. आता त्यांच्या भाईबंदांचा हा हिशोबही उचला. ‘तिजोरीत पैसा नाही’ असं कोणी सांगितलं की मान डोलवू नका. विचारा: कर्ज कशासाठी काढलं? व्याज कोणी खाल्लं? आणि कपातीच्या यादीत पहिलं नाव आमच्याच वसतिगृहाचं का?