डब्लिनची शनिवार रात्र

आयर्लंडच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीने 31 डिसेंबर 1961 रोजी आपले प्रक्षेपण आरंभिले आणि 1962 च्या जुलैत, उन्हाळ्याचे रिकामे दिवस भरून निघावेत एवढ्याच माफक हेतूने, 'द लेट लेट शो' हा संभाषणाचा कार्यक्रम सुरू केला. त्याचे सूत्रधार गे बर्न हे डब्लिनचेच, नभोवाणीवर घडलेले, मृदुभाषी गृहस्थ. थोडा खंड वगळता 1999 पर्यंत ते त्या आसनावर होते, आणि यथाकाल निर्मितीची मुखत्यारीही त्यांच्याच हाती आल्यामुळे कोणाला बोलवावे व कोणता विषय केव्हा आवरावा यासाठी त्यांना दुसऱ्याच्या हुकमाची वाट पाहावी लागत नसे.

कार्यक्रम थेट प्रक्षेपित होई, समोर श्रोतृवर्ग बसलेला असे आणि त्यालाही मध्येच बोलण्याची मुभा होती. शिवाय 1978 पर्यंत देशाची स्वतःची वाहिनी एकच असल्याने आजी, सून आणि शाळकरी नातू एकाच खोलीत तेच संभाषण ऐकत. ज्या गोष्टी त्या घरांत कधी उच्चारल्याही गेल्या नव्हत्या, त्या अशा रीतीने चुलीपर्यंत पोहोचल्या. बर्न यांचे खरे सामर्थ्य मला येथेच दिसते: ते स्वतःचे मत पुढे न रेटता, प्रेक्षकाच्या ओठांवर अडलेला साधा प्रश्न शांतपणे विचारीत आणि उत्तर पुरे होऊ देत.

फेब्रुवारी 1966 मध्ये पती-पत्नींना परस्परांच्या अपरोक्ष तेच प्रश्न विचारण्याच्या एका खेळात, मधुचंद्राच्या रात्रीच्या पोशाखाचा रंग कोणता, या प्रश्नावर एका पत्नीने, कदाचित अंगावर काहीच नसावे, असे हसत सांगितले. क्लॉनफर्टचे बिशप टॉमस रायन यांनी दुसऱ्याच दिवशी प्रवचनातून त्याचा निषेध केला, आणि दूरचित्रवाणीला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. धर्मपीठाचा शब्द जेथे कायद्याइतकाच वजनदार होता, तेथे एका क्षुल्लक थट्टेने केवढी खळबळ माजावी! परंतु कार्यक्रम बंद पडला नाही.

त्याच्या थेटपणाचे मोल 6 मार्च 1971 च्या रात्री विशेष दिसले. संततिनियमनाच्या साधनांची विक्री 1935 च्या कायद्याने निषिद्ध असलेल्या त्या देशात, स्त्रीमुक्तीचा पक्ष मांडणाऱ्या स्त्रियांच्या स्वाधीन तो प्रयोग केलेला होता. चर्चेत राजकारण्यांच्या अनास्थेवर प्रखर टीका झाली, ती घरी बसून पाहत असलेले संसद-सदस्य गॅरेट फिट्झजेराल्ड, जे पुढे पंतप्रधान झाले, तडक गाडी काढून स्टुडिओत दाखल झाले आणि प्रक्षेपण चालू असतानाच वादात उतरले. त्यांना आत घेण्यात आले, आणि उरलेली रात्र मोठ्या आवाजात गेली.