तळणीचं खग्रास

पौष अमावास्या, २२ जानेवारी १८९८. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गापाशी भारतात शिरून विदर्भातून पुढे जाणार होता. मुंबईत प्लेगची साथ होती, तरी विलायतेतले खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणींचे पेटारे घेऊन आलेच. लॉकियर विजयदुर्गाला उतरले, न्यूऑल पुलगावला. नागपूरहून मुंबईकडे जाताना पुलगाव गेलं, वर्धा नदी ओलांडली की तळणी स्टेशन लागतं. तिथं ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची छावणी पडली होती. ही मंडळी बहुतेक हौशी.

या छावणीत ॲनी मॉन्डर होत्या, वय २९. आयर्लंडमध्ये जन्मलेली ही मुलगी केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकली आणि १८९१ मध्ये ग्रीनिच वेधशाळेत गणक म्हणून लागली. पगार महिना चार पौंड. काम मिळालं ते सौर विभागात, वॉल्टर मॉन्डर यांच्या हाताखाली.

मॉन्डर ग्रीनिचचे पगारी शास्त्रज्ञ, पण हौशी माणसांची त्यांना मनापासून कदर. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी बायकांना सभासद करून घेत नसे. १८९२ मध्ये ॲनीचं नाव पुढे आलं, तेही सोसायटीनं नाकारलं. मॉन्डर यांनी मात्र १८९० मध्येच पुढाकार घेऊन ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ही नवी संस्था उभी केली होती. तिची दारं बायकांना आणि हौशींना सारखीच खुली. पुढे तिच्या नियतकालिकाचं संपादन ॲनीकडे आलं. १८९५ मध्ये दोघांनी लग्न केलं आणि विवाहित स्त्रीला सरकारी नोकरी नाही, या नियमानं ॲनीची नोकरी गेली.

तळणीला त्या आल्या त्या अशा, बिनपगारी. सोबत स्वतः आखलेला कॅमेरा होता. भिंग जेमतेम दीड इंचाचं. पैसे गर्टनच्या शिष्यवृत्तीतून आलेले.

एवढंसं भिंग का? खग्रासात सूर्याभोवती दिसणारं प्रभामंडल कडेला अगदी फिकट होत जातं आणि आभाळात दूरवर पसरलेलं असतं. मोठ्या, लांब दुर्बिणीत त्याचा तुकडाच मावतो. आखूड नाभीअंतराच्या कॅमेऱ्यात सगळा पसारा येतो आणि फिकट उजेडही छायाचित्राच्या काचेवर ठळक उमटतो. खग्रास स्थिती टिकली जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्यात टिपलेल्या काचांवर प्रभामंडलाचा एक किरण सुमारे ६० लाख मैल, म्हणजे जवळजवळ एक कोटी किलोमीटर लांब गेलेला दिसला. इतका लांब किरण त्याआधी कुणाच्याच छायाचित्रात आला नव्हता.

त्याच छावणीत जॉन एव्हरशेडही होते. लंडनमध्ये नोकरी सांभाळून सूर्याचा वर्णपट अभ्यासणारे हे गृहस्थ पुढे १९०७ मध्ये कोडईकनाल वेधशाळेत रुजू झाले आणि तिचे संचालकही झाले.

१९०८ मध्ये मॉन्डर दांपत्याचं खगोलावरचं पुस्तक निघालं. वॉल्टर यांनी प्रस्तावनेत लिहून टाकलं की ते जवळपास सगळं ॲनीनंच लिहिलं आहे. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं ॲनी यांना सभासद करून घेतलं ते १९१६ मध्ये. पहिल्या नकाराला तेव्हा २४ वर्षं झाली होती.