शब्दार्थाच्या वहीचा इतिहास

मराठी शाळेतल्या कोणत्याही पिढीला उभी घडी घातलेली एक वही आठवते. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, मध्ये देवनागरीत त्याचा उच्चार आणि उजवीकडे मराठी अर्थ. साहित्याच्या इतिहासात या वहीला स्थान नाही. कोशवाङ्मयाच्या इतिहासातही तिची दखल कुणी घेत नाही. तरीही इंग्रजीशी आपला पहिला परिचय या वहीनेच करून दिला आणि ‘अर्थ म्हणजे काय’ याविषयीची आपली पहिली समजूतही तिनेच घडवली. म्हणून तिचा इतिहास तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

या इतिहासाचा आरंभ उलट दिशेने झाला, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये प्रसिद्ध झाला, तो मराठी मुलांसाठी नव्हे. मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजांना त्याची निकड होती. 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे 60,000 शब्द होते. तिथे एका मराठी शब्दासमोर एकच इंग्रजी प्रतिशब्द ठेवून भागत नाही. छटा, प्रयोग, म्हणी असा सगळा गोतावळा येतो. इंग्रजी-मराठी कोश पुढे 1847 मध्ये थॉमस कँडी यांनी पूर्ण केला. म्हणजे शिकणारा साहेब होता तेव्हा शब्दाचा संसार उलगडून दाखवला गेला. शिकणारे मूल झाले तेव्हा त्याच्या वाट्याला एका शब्दास एक अर्थ एवढेच आले. वहीच्या पानाला दोनच बाजू असतात हे खरे, पण शब्दाला तशा नसतात.

नागपूर प्रांताकडे वळले की या कथेला वेगळे वळण मिळते. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. त्यांनी शाळा चालवली, परिसरातले खडक आणि जीवाश्म अभ्यासले आणि गोंड व इतर आदिवासींच्या भाषांमधले शब्दही टिपून ठेवले. 1863 मध्ये पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये संपादून प्रसिद्ध केले. त्यांत या शब्दयाद्या आहेत. यादी तीच, दोन रकान्यांची. पण इथे शिकणारा माणूस बोलणाऱ्याच्या दारात जाऊन त्याच्या तोंडचा शब्द लिहून घेतो आहे. शाळेतल्या वहीत नेमके हेच घडले नाही. तिथे मुलाच्या तोंडचा शब्द कुणी विचारलाच नाही.

नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यातल्या खापरखेड्याचे उदाहरण घेऊ. औष्णिक वीजकेंद्र आणि कोळशाच्या खाणी यांच्या आधाराने वाढलेले हे गाव. विदर्भ 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 1967 मध्ये पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि ग्रंथिक मराठी सर्वत्र एकसारखी पोहोचली. ती आवश्यक होती, यात वाद नाही. पण शब्दार्थाच्या वहीत ‘फील्ड’समोर ‘शेत’ येते आणि घरी ‘वावर’ असते. ‘बॉय’समोर ‘मुलगा’ येतो आणि गल्लीत ‘पोट्टा’ असतो. ‘कोरिअँडर’समोर ‘कोथिंबीर’ येते आणि आई बाजारातून ‘सांबार’ आणायला सांगते. ज्याला आपण अर्थ म्हणतो, तोही या मुलाला आधी शिकावा लागतो. एका परक्या शब्दाचा उलगडा दुसऱ्या अर्धपरक्या शब्दाने होतो आणि मूल दोन्ही पाठ करते.

याच्या उलट प्रकारही तितकाच बोलका आहे. ‘बॉयलर’, ‘शिफ्ट’, ‘प्लांट’, ‘क्वार्टर’, ‘कॉलनी’ हे शब्द वीजकेंद्राच्या गावात कुणी वहीत लिहून पाठ करत नाही. वडिलांच्या पाळीबरोबर ते घरात येतात. त्यांचा अर्थ मुलाला पक्का ठाऊक असतो, फक्त ते इंग्रजी आहेत हे ठाऊक नसते. उलट वही मात्र ‘टेबल’चा अर्थ ‘मेज’ आणि ‘ट्रेन’चा अर्थ ‘आगगाडी’ असा सांगत राहिली. माहीत असलेला शब्द माहीत नसलेल्या शब्दाने समजावण्याचा हा उपक्रम विनोदी खरा. पण मुलाने आधीच मिळवलेले ज्ञान शाळेने नाकारले, ही त्यातली गंभीर बाजू आहे.

जून 2000 पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले, तेव्हा हा प्रश्न तीव्र झाला. पूर्वी पाचवीतले मूल मराठी वाचू शके. उजवा रकाना त्याला निदान वाचता तरी येई. सहा वर्षांच्या मुलाला दोन्ही रकाने सारखेच अक्षरशून्य. कोमेनिअसने 1658 मध्येच चित्र आणि शब्द एकत्र छापून यावर उपाय सुचवला होता. ढाक्यात इंग्रजी शिकवण्याचा प्रश्न हाताळलेल्या मायकेल वेस्टने 1935 च्या आपल्या कोशात 1490 सोप्या शब्दांतच इतर शब्दांचे अर्थ सांगितले. दोघांचे सूत्र एकच: अर्थ सांगायचा तो शिकणाऱ्याला आधीच माहीत असलेल्या गोष्टीतून. कोणत्या गोष्टी त्याला माहीत आहेत, हे मात्र त्यालाच विचारावे लागते.

खापरखेड्याच्या मुलाला त्याच्याच गावाच्या नावातल्या पहिल्या शब्दाचा इंग्रजी अर्थ विचारून पाहावा. ‘खापर’ म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा, एवढे वहीत मावेल. पण दुसऱ्याच्या डोक्यावर फोडतात ते खापर आणि खापरपणजोबांच्या नात्यातले खापर कोणत्या रकान्यात लिहायचे? मोल्सवर्थसारख्या परक्याला असे प्रश्न पडले म्हणून त्याचा कोश मोठा झाला. आपल्या मुलांना ते पडू नयेत, अशीच तर आपण ही वही आखली नाही ना?