छपाईच्या शाईची पारख : रंगजुळणी आणि अशुद्धी

डब्यातील शाईकडे पाहून तिचा रंग सांगणे धोक्याचे असते. दाट थरात गडद निळी शाईही काळीच भासते. म्हणून नव्या शाईची तुलना मान्य नमुन्याशी करताना दोन्हींचे लहान गोळे एकाच कागदावर शेजारी शेजारी ठेवून रुंद पात्याने एका दमात खाली ओढतात. कागदावर आडवी काळी पट्टी छापलेली असते. तिच्यावरून शाईची पारदर्शकता कळते. जाड थर तंतोतंत जुळला तरी पातळ थरात एक नमुना तांबूस आणि दुसरा हिरवट निघू शकतो. दोन्ही थर पाहिल्याविना निर्णय देऊ नये. शाई वाळल्यावर छटा बदलते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

प्रकाशही तितकाच महत्त्वाचा. ट्यूबलाइटखाली एकरूप दिसणारे दोन नमुने उन्हात वेगळे दिसू शकतात. यासाठी आयएसओ ३६६४ या मानकात ५००० केल्विनच्या आसपासचा प्रमाणित प्रकाश सांगितला आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटर हे यंत्र रंगातील अंतर आकड्यात देते. त्यासाठी १९७६ मध्ये ठरलेली 'लॅब' ही रंगमापन पद्धती आजही वापरली जाते.

मात्र जुळलेला रंग म्हणजे शुद्ध शाई नव्हे. यंत्राच्या आकड्यात खडे दिसत नाहीत. त्यांच्यासाठी उतरत्या खोलीची खाच असलेली पोलादी पट्टी वापरतात. त्यात शाई पसरली की कण जेथे वर येतात, तेथील आकडा मायक्रोमीटरमध्ये वाचायचा. रुळांवर राहिलेल्या जुन्या शाईची चुगली सर्वांत आधी पिवळा रंग करतो. काळ्याचा किंचित अंश मिसळला तरी पिवळी शाई मळकट होते. म्हणूनच काळ्यानंतर पिवळी शाई चढवण्यापूर्वी रूळ अधिक काळजीपूर्वक धुवावे लागतात.

शाईत उरलेले द्रावक तर डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यांचा शोध गॅस क्रोमॅटोग्राफीने घ्यावा लागतो. खाद्यपदार्थांच्या वेष्टनाच्या बाबतीत हा प्रश्न केवळ छपाईच्या दर्जाचा राहत नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनुसार अशी शाई आयएस १५४९५ या भारतीय मानकाप्रमाणे असावी लागते आणि छापील बाजूचा अन्नाशी थेट संपर्क येता कामा नये. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधून देण्यासही याच नियमांनी मनाई केली असून, २०२३ मध्ये प्राधिकरणाने विक्रेत्यांना व ग्राहकांना याबाबत पुन्हा आवाहन केले होते.