चुन्याचे रान (तळटीप)

फटाक्यांचे तेरखेडा आणि येडेश्वरीचे येरमाळा ही एकाच महामार्गावरची शेजारगावे. चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून खाली येते, भाविक रानातली चुनखडी वेचतात आणि पालखी आमराईत मुक्कामाला जाते.

ज्या मजकुराची ही तळटीप, त्यात हा ‘बघण्यासारखा सोहळा’ ठरला आहे. पण इथे निव्वळ बघ्याला जागा कमीच; आलेला प्रत्येक जण खडे वेचायला वाकतो. पाहुण्यानेही मोबाइल खिशात ठेवून वाकलेले बरे.

पाहुण्याने कसे वागावे हे काही ठिकाणी नियमानेच ठरते. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधील ताओस प्वेब्लो हे मूळनिवासींचे गाव १९९२पासून जागतिक वारसास्थळ आहे. तिथे नियमच कडक: धार्मिक नृत्यांचे फोटो काढायचे नाहीत आणि हिवाळा सरताना सुमारे दहा आठवडे पर्यटकांना गाव बंद.